रेडिओ आकाशातल्या अनोख्या स्रोताचं घर शोधताना

1951 साली केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथ यांनी सिग्नस-ए या रेडिओ स्रोताची जागा साधारण एका कलेच्या (अंशाच्या साठाव्या भागाच्या) अचूकतेने ठरवली. वॉल्टर बाडे यांनी पालोमारची 200 इंची दुर्बीण त्या जागेकडे वळवली आणि तिथे एक फिकट, विचित्र आकाराची दीर्घिका सापडली. दोन वर्षांनी, 1953 मध्ये, जॉड्रेल बँकच्या रॉजर जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता यांनी त्याच स्रोताचा आकार मोजला, तेव्हा भलतंच चित्र समोर आलं. रेडिओ लहरी दीर्घिकेतून येतच नव्हत्या. तिच्या दोन बाजूंना, बऱ्याच अंतरावर, दोन मोठे पुंजके होते आणि बहुतेक सगळं प्रारण तिथून येत होतं.

यजमान दीर्घिका, म्हणजे रेडिओ स्रोत जिच्यातून निघाला ती दीर्घिका, शोधायला बसणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं. रेडिओत जिथे सर्वांत जास्त तेज दिसतं, तिथे दीर्घिका असेलच असं नाही. प्रकाशात जी दीर्घिका सर्वांत ठळक दिसते, तीच यजमान असेल असंही नाही. आकाशात शेजारी दिसणाऱ्या दोन गोष्टींमध्ये अब्जावधी प्रकाशवर्षांचं अंतर असू शकतं. म्हणून नातं नुसत्या जवळिकीवरून जोडायचं नाही, रेडिओ स्रोताच्या आकाराने ज्या जागेकडे बोट दाखवलं आहे तिथे जाऊन पाहायचं.

हे सगळं घरच्या संगणकावर, फुकट उपलब्ध असलेल्या सर्वेक्षणांतून करता येतं. मी बरीच वर्षं हेच करतो आहे. पुढे दिलेला क्रम माझ्या हाताला बसलेला आहे.

आधी हत्यारं

ब्राउझरमध्ये चालणारं अलादिन लाइट हे स्ट्रासबर्गच्या केंद्राचं साधन पहिल्या दिवसापासून वापरा. एकाच जागेवर रेडिओ, अवरक्त आणि दृश्य प्रकाशातली चित्रं एकावर एक ठेवता येतात. दृश्य प्रकाशासाठी लेगसी सर्व्हेचा दर्शक मला सर्वांत आवडतो, कारण त्यात फिकट दीर्घिका छान दिसतात. जिथे लेगसी नाही तिथे पॅन-स्टार्स. नासाच्या स्कायव्ह्यूवरून फिट्स (खगोल चित्रांच्या) फायली उतरवून घ्या आणि डीएस-9 या प्रोग्राममध्ये उघडा. कंटूर (सारख्या तेजाच्या रेषा) काढायला आणि मोजमापाला ते लागतंच. एखादी वस्तू आधी कुणी अभ्यासली आहे का, हे नेड आणि सिम्बाद या ऑनलाइन याद्यांमध्ये पाहता येतं.

रेडिओ सर्वेक्षणं अनेक आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीने केलेलं टीजीएसएस 150 मेगाहर्ट्झवर आहे आणि त्याची विभेदनक्षमता (किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते) 25 विकला. त्यात आकाशाचा सुमारे 90 टक्के भाग येतो. जुनं, मंदावलेलं प्रारण कमी वारंवारतेवर टिकून राहतं, म्हणून विझत चाललेले स्रोत इथे उठून दिसतात. अमेरिकेच्या व्हीएलए दुर्बिणीचं एनव्हीएसएस 1.4 गिगाहर्ट्झवर, 45 विकलांचं. पसरट गोष्टी ते चांगल्या पकडतं, पण बारकावे पुसले जातात. त्याच दुर्बिणीचं फर्स्ट सुमारे 5 विकलांचं आणि 3 गिगाहर्ट्झवरचं व्हीएलएएसएस 2.5 विकलांचं. गाभा, म्हणजे दीर्घिकेच्या केंद्रातला रेडिओ ठिपका, शोधायला ही दोन. उत्तर आकाशात युरोपातल्या लोफार दुर्बिणीचं लोट्स असेल तर तुमचं नशीब चांगलं: 144 मेगाहर्ट्झ, 6 विकला आणि संवेदनशीलता विलक्षण. दक्षिणेकडे ऑस्ट्रेलियाच्या आस्कॅप दुर्बिणीचं रॅक्स.

नवख्यांसाठी एवढं सांगतो, की एका अंशात 60 कला आणि एका कलेत 60 विकला. पौर्णिमेचा चंद्र साधारण 30 कलांचा दिसतो.

पहिली पायरी: स्रोत खरा आहे का?

विचित्र आकार दिसला की मन लगेच शोधाकडे धावतं. तिथे थांबा. रेडिओ चित्र कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोसारखं नसतं. अनेक अँटेनांच्या संकेतांवरून ते गणिताने बांधलेलं असतं, आणि जवळपास एखादा फार तेजस्वी स्रोत असेल तर त्याच्याभोवती आरे, वलयं, पट्टे उमटतात. एका अंशाच्या परिघात असा कुणी दांडगा आहे का ते आधी बघा. तुमची रचना त्याच्याकडून निघालेल्या आऱ्यावर बसत असेल तर ती सोडून द्या.

दुसरी चाचणी अधिक भरवशाची. तीच रचना वेगळ्या दुर्बिणीच्या, वेगळ्या वारंवारतेच्या सर्वेक्षणात दिसते का? दोन स्वतंत्र चित्रांत तोच आकार असेल तर तो आकाशात आहे.

मग आकाशगंगेचा पट्टा किती दूर आहे ते पाहा. त्या पट्ट्यात गोल, वलयाकार रेडिओ स्रोत बहुधा आपल्याच आकाशगंगेतले अतिनवताऱ्यांचे अवशेष असतात. त्यांना यजमान दीर्घिका शोधणं म्हणजे चुकीच्या गावात पत्ता विचारत फिरणं.

दुसरी पायरी: आकार वाचा

सगळं कौशल्य इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा. वेगवेगळ्या सर्वेक्षणांचे कंटूर एकमेकांवर टाका आणि स्वतःला विचारा: हा एक स्रोत आहे की शेजारशेजारचे दोन-तीन?

दोन पुंजके समोरासमोर असतील, बाहेरच्या कडा जास्त तेजस्वी असतील आणि मधे फिकट पूल असेल, तर ती बहुधा एकाच दीर्घिकेच्या जेटांनी (केंद्रातून सुटणाऱ्या झोतांनी) फुगवलेली लोबांची, म्हणजे अशा पुंजक्यांची, जोडी. यजमान दोघांच्या मधल्या रेषेवर किंवा तिच्या आसपास असतो. बरोबर मध्यावर असेलच असं नाही. एका बाजूचा वायू दाट असला की त्या बाजूचा लोब अलीकडे अडतो. मी मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना, एकूण लांबीच्या निदान पाचव्या हिश्शापर्यंत रेषेवर शोध घेतो.

स्रोत धूमकेतूसारखा, एका टोकाला तेजस्वी आणि मागे शेपटी सोडणारा असेल, तर यजमान डोक्यात. दीर्घिका समूहातल्या तप्त वायूतून धावते आहे आणि तिचे जेट मागे वाहून चालले आहेत. अशा वेळी मध्यबिंदू काढणं ही सरळ चूक. जेट इंग्रजी व्ही किंवा सी अक्षरासारखे वाकले असतील तरी तेच: यजमान वळणाच्या टोकाशी.

लांबट, कमानीसारखी, कुठल्याही दीर्घिकेला न जोडलेली पट्टी एखाद्या मोठ्या दीर्घिकासमूहाच्या कडेला दिसली, तर ती धक्कालहरींनी उजळलेली असू शकते. तिला एक असा यजमानच नसतो. पूर्ण समूहच तिचं घर. अशा स्रोताला जबरदस्तीने एखादी दीर्घिका चिकटवू नका.

आणि वलयं. 2019 मध्ये आस्कॅपच्या नोंदींत सापडलेली विचित्र रेडिओ वलयं आता ऑर्क या नावाने ओळखली जातात. सुमारे एका कलेची, कडा उजळ, आणि त्या जागी दृश्य प्रकाशात वलय नाही. त्यांतलं एक तर जीएमआरटीच्या जुन्या नोंदींत पडून होतं. पहिल्या काही वलयांपैकी तिघांच्या केंद्राशी दीर्घिका दिसली, त्यामुळे नात्याचा संशय बळावला. पहिल्या ऑर्कच्या केंद्रातल्या दीर्घिकेची ताम्रसृती (प्रकाश लालीकडे किती सरकला ते, यावरून अंतर कळतं) 0.551, म्हणजे वलयाचा व्यास सुमारे 500 किलोपार्सेक (एक किलोपार्सेक म्हणजे सुमारे 3,260 प्रकाशवर्षं), आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पट. वलयासाठी कडेवर वर्तुळ बसवून त्याचं केंद्र काढा आणि तिथे काय आहे ते पाहा.

तिसरी पायरी: जागेची अचूकता आणि योगायोगाचा हिशेब

छोट्या, बिंदूसारख्या स्रोतासाठी हे करावंच लागतं. जागेतली चूक साधारण अशी काढतात: बीमची (त्या सर्वेक्षणात बिंदू जेवढा पसरून दिसतो त्या ठिपक्याची) रुंदी भागिले संकेत-गोंगाट गुणोत्तराची दुप्पट. टीजीएसएसचा बीम 25 विकला आणि स्रोत गोंगाटाच्या 10 पट असेल तर 25 ÷ 20, म्हणजे सव्वा विकला. एनव्हीएसएसमध्ये 5 पटच असेल तर 45 ÷ 10, म्हणजे साडेचार विकला. सर्वेक्षणाची स्वतःची दोनेक विकलांची चूक वेगळी धरा. पसरट स्रोताला मात्र हे सूत्र लावू नका, तिथे ते खोटा आत्मविश्वास देतं.

आता योगायोगाने एखादी दीर्घिका तिथे पडण्याची शक्यता किती? आपल्या चित्राच्या परिसरात, उमेदवाराइतक्या किंवा त्याहून तेजस्वी दीर्घिका दर चौरस अंशात किती आहेत ते मोजा. समजा 10,000 निघाल्या. एका चौरस अंशात 1,29,60,000 चौरस विकला असतात. 2 विकला त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस विकला, म्हणजे त्यात अपघाताने पडणाऱ्या दीर्घिका 0.0097. योगायोग एक टक्का. हा उमेदवार भक्कम. तीच त्रिज्या 15 विकला केली की क्षेत्रफळ 707 होतं, अपेक्षित संख्या 0.55, आणि एखादी तरी दीर्घिका पडण्याची शक्यता 42 टक्के. म्हणजे 15 विकलांवरची साधी दीर्घिका हा काहीच पुरावा नाही. हा हिशेब एकदा हाताने करून पाहाच. त्यानंतर तुम्ही लांबच्या शेजाऱ्याला सहजासहजी यजमान म्हणणार नाही.

चौथी पायरी: गाभा पकडा

लोबांच्या मधल्या रेषेवर तीन-चार दीर्घिका असतील तर निवड कशी करायची? जेट जिथून निघतात तिथे, कृष्णविवराच्या अगदी जवळ, एक छोटा रेडिओ ठिपका असतो. तो गाभा. व्हीएलएएसएस किंवा फर्स्टच्या तीक्ष्ण चित्रात तो शोधा. या चित्रांत पसरट लोब बऱ्याचदा गायब होतात. घाबरू नका, गर्दी कमी झाल्याने गाभा उलट सोपा दिसतो.

गाभा आहे की लोबातलाच एखादा तेजस्वी डाग, हे वर्णपटाच्या उतारावरून, म्हणजे वारंवारतेबरोबर तेज किती घटतं त्यावरून, कळतं. दोन वारंवारतांवरच्या तेजांच्या गुणोत्तराचा लॉग, भागिले वारंवारतांच्या गुणोत्तराचा लॉग. 150 मेगाहर्ट्झवर 420 मिलिजान्स्की (रेडिओ तेजाचं एकक) आणि 1400 वर 70 असेल, तर तेज 6 पटींनी घटलं. लॉग 6 म्हणजे 0.778, लॉग 9.33 म्हणजे 0.970. उतार उणे 0.8. लोबांचा उतार साधारण असाच असतो. गाभ्याचा मात्र सपाट, शून्य ते उणे 0.5 च्या दरम्यान. फक्त दोन्ही मोजमापं सारख्या विभेदनक्षमतेची हवीत. व्हीएलएएसएसमध्ये हरवलेल्या लोबाचं तेज टीजीएसएसशी ताडून पाहिलं तर उतार खोटाच तीव्र येईल.

माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. सुमारे 4 कला लांबीचा एक सुंदर जोडस्रोत होता. मध्यबिंदूच्या अगदी जवळ एक ठळक, गुबगुबीत दीर्घिका, ताम्रसृती 0.1. मी वहीत टिकमार्क करून पुढे गेलो. काही महिन्यांनी व्हीएलएएसएसचं चित्र लावलं, तेव्हा त्या दीर्घिकेच्या जागी काहीच नव्हतं आणि 20 विकला बाजूला, बरोबर अक्षावर, एक छोटा ठिपका होता. लेगसीच्या चित्रात तिथे फिकट लालसर डाग होता, आधी नजरेतून निसटलेला. त्याची ताम्रसृती 0.2 च्या आसपास निघाली.

या फरकाने काय बदललं? 0.1 वर एक विकला म्हणजे साधारण 1.84 किलोपार्सेक, म्हणून 240 विकलांचा स्रोत 440 किलोपार्सेक लांब. 0.2 वर एक विकला 3.3 किलोपार्सेक, म्हणून तोच स्रोत 790. राक्षसी रेडिओ दीर्घिका म्हणवून घ्यायला 700 किलोपार्सेक लागतात. यजमान बदलला आणि एक साधा स्रोत राक्षसी ठरला. आकार, रेडिओ शक्ती, जेटांचं वय, सगळं त्या एका निवडीवर उभं असतं.

पाचवी पायरी: उमेदवाराची चौकशी

तो तारा नाही ना? गाया या ताऱ्यांच्या यादीत पाहा. पॅरालॅक्स (पृथ्वी फिरते तसं त्याचं सरकलेलं दिसणं) किंवा स्वगती (आकाशातली त्याची स्वतःची चाल) ठामपणे मोजली गेली असेल तर तो आपल्याच आकाशगंगेतला तारा, त्याला वगळा.

रंग काय सांगतो? मोठ्या रेडिओ लोबांचे यजमान बहुतेक वेळा लालसर, भरदार लंबवर्तुळाकार दीर्घिका असतात. निळसर सर्पिल दीर्घिका मधे पडलेली दिसली तर ती अलीकडची, केवळ वाटेत आलेली असण्याची शक्यता जास्त. पण हा नियम दगडावरची रेघ नाही. 2011 मध्ये खगोलशास्त्रज्ञ आनंद होता (Ananda Hota) आणि सहकाऱ्यांनी स्पेका ही सर्पिल दीर्घिका प्रसिद्ध केली, जिच्या जेटांनी एकाहून अधिक वेळा भलेमोठे लोब फुगवले आहेत. सर्पिल आहे म्हणून नाकारू नका, फक्त पुरावा दुप्पट मागा.

वाइज या अवकाश दुर्बिणीची अवरक्त चित्रं इथे फार कामाची. 3.4 आणि 4.6 मायक्रॉनमधल्या प्रतींचा (तेजाच्या मापांचा) फरक 0.8 किंवा जास्त असेल तर दीर्घिकेच्या पोटात सक्रिय कृष्णविवर असण्याचा चांगला इशारा मिळतो. फरक कमी असला म्हणून कृष्णविवर नाही, असं उलट अनुमान मात्र काढू नका. पुष्कळ रेडिओ दीर्घिका अवरक्तात शांत असतात. वाइजची विभेदनक्षमता 6 विकला आहे, शेजारच्या दोन दीर्घिकांचा प्रकाश त्यात मिसळतो हेही ध्यानात ठेवा.

आणि दृश्य प्रकाशात जागा रिकामीच असेल तर? हीच वेळ सर्वांत उत्कंठेची. आधी वाइजमध्ये पाहा. दृश्यात काही नाही पण अवरक्तात ठिपका आहे, म्हणजे धुळीत दडलेली किंवा फार दूरची दीर्घिका. तिचा रेडिओ वर्णपटही तीव्र उताराचा असेल तर दूर असण्याची शक्यता वाढते. इथे एक सावधगिरी: टीजीएसएसमध्ये 25 मिलिजान्स्कीचा स्रोत एनव्हीएसएसमध्ये नाही, एवढ्यावरून फार मोठं विधान करता येत नाही. एनव्हीएसएसची मर्यादा सुमारे 2.5 मिलिजान्स्की, म्हणजे उतार उणे 1.03 पेक्षा तीव्र आहे इतकंच सिद्ध होतं.

सहावी पायरी: ताम्रसृती

वर्णपटावरून मोजलेली ताम्रसृती मिळाली तर उत्तम. एसडीएसएस आणि डेसी या सर्वेक्षणांच्या खुल्या नोंदींत शोधा. नसेल तर रंगांवरून अंदाजलेली वापरा, पण तिच्या शेजारी चुकीची मर्यादा लिहिल्याशिवाय नाही.

व्यावसायिकांनाही इथे दोन-तीन दुर्बिणी जोडाव्या लागतात. लोफारच्या चित्रांत सापडलेली पोर्फिरिओन ही जेटांची जोडी 2024 मध्ये जाहीर झाली. लांबी सुमारे 7 मेगापार्सेक, म्हणजे 2 कोटी 30 लाख प्रकाशवर्षं. एवढ्या लांब रेषेत दीर्घिकांची गर्दीच असते. यजमान ठरवायला अपग्रेड केलेल्या जीएमआरटीची निरीक्षणं वापरली गेली आणि अंतरासाठी हवाईच्या केक दुर्बिणीने वर्णपट घेतला. खोडदच्या द्राक्षमळ्यांशेजारी उभ्या असलेल्या 45 मीटरच्या 30 अँटेनांचा त्यात वाटा आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

वहीत काय लिहायचं

एकट्याने करण्यापेक्षा चार डोळे बरे. आनंद होता यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या रॅड@होम या नागरिक-विज्ञान प्रकल्पात विद्यार्थी आणि हौशी लोक याच पद्धतीने रेडिओ, अवरक्त आणि दृश्य चित्रं एकत्र पाहतात. 2025 मध्ये त्यांनी लोफारच्या नोंदींतून एकमेकांना छेदणाऱ्या दोन वलयांचा एक ऑर्क प्रसिद्ध केला, ताम्रसृती सुमारे 0.94. तोवर माहीत असलेल्या ऑर्कमध्ये हा सर्वांत दूरचा.

कुणाला दाखवण्याआधी प्रत्येक स्रोताची नोंद पूर्ण करा. मी सगळे उमेदवार लिहितो, नाकारलेलेही, आणि नाकारण्याचं कारणही. श्रेणी तीनच. गाभा दीर्घिकेवर बसला असेल आणि वर्णपटाची ताम्रसृती असेल तर अ. आकार आणि जागा जुळते पण गाभा दिसत नाही किंवा वर्णपटाची ताम्रसृती नाही, तर ब. दोन उमेदवार बरोबरीचे असतील तर क, आणि दोघांचीही नावं. क श्रेणी देताना संकोच करू नका. पुढच्या माणसाला नेमकं कुठे बघायचं हे त्यातूनच कळतं.

माझ्या त्या 4 कलांच्या स्रोताची नोंद आज अशी आहे:

आकार: जोडलोब, बाहेरच्या कडा उजळ, पूर्वेचा लोब आखूड. एनव्हीएसएस आणि टीजीएसएस दोन्हींत दिसतो.
उमेदवार 1: ठळक दीर्घिका, मध्यबिंदूजवळ, ताम्रसृती 0.1. व्हीएलएएसएसमध्ये रेडिओ ठिपका नाही. नाकारला.
उमेदवार 2: फिकट लाल दीर्घिका, मध्यापासून 20 विकला पूर्वेला, अक्षावर. व्हीएलएएसएस गाभा एका विकलेच्या आत. गायामध्ये नोंद नाही. ताम्रसृती सुमारे 0.2, रंगांवरून.
श्रेणी: ब. गाभा बसला आहे, वर्णपट मिळाल्यावर अ करायची.